खाऱ्या टाकीचा फिल्टर

लिलाधर दिघोरे मूळचा बपेऱ्याचा. बाप मुरारी नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकणारा ढिवर, आई जमुनाबाई डोक्यावर टोपली घेऊन मासे विकणारी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली लिलाधर चौथीत होता. बारावी झाल्यावर तो तुमसरला एका काचेच्या दुकानात कामाला लागला. काच कापायची, कड घासायची, सिलिकॉन लावून जोडायची, यात त्याचा हात चांगला बसला. एकदा कुणी माशांसाठी काचेची पेटी मागितली. त्याने ती बनवली, पाणी भरून रात्रभर ठेवली, आणि सकाळी खाली अंथरलेला पेपर कोरडाच्या कोरडा निघाला. मग लोक पेट्या मागायलाच लागले. चार वर्षांत त्याने बसस्टँडच्या मागे स्वतःचं दुकान टाकलं. गोल्डफिश, गुरामी, चारा, हवेचे पंप, रंगीत खडे. लोक त्याला कौतुकाने ‘माशांचा डॉक्टर’ म्हणायचे.

माणूस कष्टाळू, बोलायला गोड. एकच खोड होती. ‘मले माहीत नाई’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. काचेच्या दुकानात नवा असताना तिथला जुना कारागीर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, “ढिवराच्या पोराले मासे धरता येतेत. काच काय समजन त्याले?” सगळे हसले होते. लिलाधरही हसला होता. पण त्या दिवसापासून कुणी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचंच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. दहातली आठ उत्तरं बरोबर निघायची. उरलेल्या दोनांचं कुणाला कळायचं नाही.

रत्नमाला रामटेके त्याच्या दुकानात आल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. नर्स म्हणून तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या, सगळं गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणायचं. मुलगा धम्मदीप मालवाहू जहाजावर. वर्षातले आठ-आठ महिने पाण्यावर. त्याला सोडायला त्या मुंबईला गेल्या होत्या, तिथे कंपनीच्या ऑफिसात त्यांनी समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली. केशरी मासे, त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे.

“लिलाधरभाऊ, मले तशीच टाकी पायजे,” त्या म्हणाल्या. “पोरगा अठरा तारखेले येऊन राहिला. त्याच्या आधी लागली तर बरं.”

पर्समधून त्यांनी छोटी वही काढली. आयुष्यभर चार्ट लिहिलेल्या बाईंचं अक्षर, एकाखाली एक प्रश्न. “पाणी मी आरओचं घेईन. मीठ नागपूरवरून मागवता येते म्हणतेत. माहा मुख्य प्रश्न फिल्टरचा. मोबाइलवर पाहून माह्या डोक्याचा भुगा झाला. कोणी म्हणते काचेवर लटकवायचा घ्या. कोणी म्हणते खाली कपाटात दुसरी टाकी ठेवा. कोणी म्हणते फेस काढणारी मशीन पायजेच. आपल्याले कोणता लागन?”

लिलाधरने खाऱ्या पाण्याला जन्मात हात लावला नव्हता. त्याने टाकीची लांबी विचारली, जरा वर पाहिलं आणि म्हणाला, “तीन फुटी टाकीले लटकवायचा पुरे होते, सिस्टरबाई. बाकीचं मोठ्या शहरातल्या लोकायचे चोचले.”

सिस्टरबाईंनी वहीत लिहून घेतलं. ‘लटकवायचा. पुरे.’

त्या गेल्यावर त्याने नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, मीठ आणि मासे सांगायला. व्यापाऱ्याने सहज विचारलं, फिल्टर कोणता लावतो आहेस. ऐकल्यावर तो हसला नाही, उलट गंभीर झाला. “भाऊ, ते गोडं पाणी नाही. खाली संप बनव, म्हणजे दुसरी टाकी. त्यात सिरॅमिकच्या रिंगा टाक, सच्छिद्र दगड टाक. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे बारीक जंतू त्या रिंगांवर वाढतात. फेस काढायचा स्किमर लाव. आणि महिना-सव्वा महिना पाणी नुसतं फिरू दे. मासे त्यानंतर. आधी टाकशील तर मरतील.”

“हाव, ते त माहीतच आहे,” लिलाधर म्हणाला.

फोन ठेवून तो बराच वेळ गल्ल्यामागे बसला. सिस्टरबाईंचं घर दहा मिनिटांवर होतं. जाऊन सांगितलं असतं की माझं चुकलं, महिनाभर थांबावं लागेल, तर त्या थांबल्या असत्या. जखम किती दिवसांत भरते हे ठाऊक असलेली बाई. पण त्यांनी आपल्यासमोर वहीत लिहून घेतलं आहे, आता ते खोडायला कसं सांगायचं? बोललेला शब्द त्याला गिळवेना. सहाच तर मासे आहेत, त्याने मनाशी म्हटलं, काढतील निभावून.

दहा तारखेला टाकी लागली. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूच्या भिंतीला. मीठ विरघळवलं, खारटपणा मोजायच्या काट्याने पाणी तपासलं, काचेवर फिल्टर लटकवला. अकराला सहा मासे सोडले, दोन केशरी, चार निळे. सिस्टरबाईंच्या घरी धुणीभांडी करणारी शकुनबाई हातातला झाडू तसाच धरून समोर बसली. ही आंबागडकडची, नवरा वारल्यावर तुमसरला आलेली. अकरा वर्षं याच घरी कामाला, मागच्या दाराची चावी तिच्याकडे असायची.

“कसे नाचून राहिले बाप्पा!” ती म्हणाली. “सिस्टरबाई, ह्यायले भूक लागत असन ना?”

दोघी दिवसातून चार-चारदा चारा टाकू लागल्या. किती टाकायचा हेही लिलाधरने सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. लिलाधर गेला तेव्हा टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं झालं होतं. चार निळे तळाशी आडवे. एक केशरी फिल्टरच्या जाळीला चिकटलेला. दुसरा वर येऊन तोंड उघडत होता, आणि लिलाधरच्या डोळ्यांदेखत तोही कुशीवर झाला.

सिस्टरबाईंनी विचारलं, “काय झालं असन हो? फिल्टर त कमी नाई पडला?”

खरं बोलायला त्यांनी दारच उघडून दिलं होतं. लिलाधरने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्याच वेळी शकुनबाई पोछ्याची बादली घेऊन आतून आली, आणि हॉलभर फिनाईलचा वास पसरला. त्याने बादलीकडे पाहिलं.

“घरात फिनाईल कोण वापरते?” त्याने विचारलं. बस एवढंच. मग वर आणखी, “खाऱ्या पाण्याले त्याचा एक थेंब बी चालत नाई.”

शकुनबाईने बादली खाली ठेवली. “मी टाकीपासून दोन हात दूर पुसते. मी कायले टाकीन फिनाईल?”

“मुद्दाम कोण म्हणते, मावशी. शिंतोडा उडते कधी.”

कुणी कुणावर ओरडलं नाही. सिस्टरबाई म्हणाल्या, “शकुन, उद्यापासून हॉल मीच पुसीन. तू भांडी तेवढी घास.” शकुनबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग कमरेची चावी काढून ओट्यावर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. सिस्टरबाईंनी ओट्यावरची चावी उचलून कपाटात ठेवली. धम्मदीप अठराला आला तेव्हा टाकीवर चादर होती.

त्या आठवड्यात लिलाधर बपेऱ्याला गेला. मुरारी दुपारचा अंगणात जाळं सांधत बसला होता. पोराचं तोंड पाहून त्याने विचारलं, आणि लिलाधरने मासे मेले एवढंच सांगितलं.

“पाणी किती दिवस ठेवलं होतं?”

“एक दिवस.”

मुरारीचा हात थांबला. “कच्च्या पाण्यात सोडले? अबे, नवी बोडी खोदली त तिच्यात बी शेण टाकून पंधरा दिवस पाणी पिकू देतेत, मंग माशायचं बीज सोडतेत. तू लहानपणी माह्यासंगं होता ना? तुले हे ठाऊक नाई?”

लिलाधरला ठाऊक होतं. शेणाच्या टोपल्या त्याने स्वतः वाहिल्या होत्या. नागपूरच्या व्यापाऱ्याने जे सांगितलं तेच बाप गुडघाभर चिखलात उभा राहून वर्षानुवर्षं करत आला होता. पण बोडीचं, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याचं, शहाणपण काचेच्या टाकीला लागू पडेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण ते बोडीचं होतं.

“मंग त्या बाईले काय सांगतलं?” मुरारीने विचारलं.

“काई नाई. सांगतलं का मेले.”

बापाशीही खोटं बोलून तो परतला.

धम्मदीप जाताना आईला म्हणाला, पुन्हा करून पाहा. या वेळी लिलाधरने सगळं जसं हवं तसं केलं. खाली कपाटात संप बसवला. रिंगा घातल्या, धुतलेले सच्छिद्र दगड रचले, स्किमर लावला. मजुरी घेतली नाही. “कसा दिलदार माणूस आहे,” असं सिस्टरबाई शेजारच्या ललिताबाईंना म्हणाल्या, ते त्याने वाकून पाइप जोडताना ऐकलं आणि मान वर केली नाही.

पाणी तपासायचे थेंबही त्याने आणले. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं राहिलं तर नाही. सिस्टरबाईंना ते फार आवडलं. “लघवीतली साखर आमी अशीच पाहायचो,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीवर कागद चिकटवून रोजचा रंग लिहू लागल्या. एक दिवस लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “पहिल्या वेळी हे काहून नाई केलं?”

“तवा नागपुरात मिळत नव्हते हे थेंब.”

एकावर एक खोटं रचत चालला होता तो.

अडतिसाव्या दिवशी रंग पिवळा आला आणि पुढचे तीन दिवस पिवळाच राहिला. मग दोनच केशरी मासे सोडले. ते जगले. आठवडा गेला, महिना गेला. स्किमरच्या पेल्यात तपकिरी फेस साचायचा, लिलाधर दर पंधरा दिवसांनी येऊन तो धुऊन द्यायचा. पाणी इतकं नितळ की माशांच्या सावल्या वाळूवर दिसायच्या.

एवढं चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्या कामानेच शकुनबाईला पुरतं गुन्हेगार ठरवलं. कारण आता सिस्टरबाईंच्या घरात फिनाईल नव्हतं आणि मासे जिवंत होते. आणखी काय पुरावा हवा? गल्लीत तिचं नाव ‘फिनाईलवाली’ पडलं. तिला त्याच गल्लीत आणखी दोन घरी काम होतं, तेही सुटलं. ललिताबाई लिलाधरलाच म्हणाल्या, “तुमी पारखलं म्हणून बरं, नाई त आमच्या बी घरी काय केलं असतं तिनं.” तो पेला धूत होता. फेस बोटांवरून निघेना, की तोच पुन्हापुन्हा धूत होता, कोण जाणे.

उन्हाळ्यात एका राइस मिलच्या ऑफिसची काच फुटली म्हणून त्याला बोलावणं आलं. काम करून निघताना शेडमध्ये बाया कनकी, म्हणजे तांदळाची कणी, पाखडताना दिसल्या. त्यांत शकुनबाई होती. भुवया, पापण्या कोंड्याने पांढऱ्या झालेल्या. तिने त्याला पाहिलं आणि सूप ठेवून उठून आली. आता ही चार लोकांत बोलणार, असं लिलाधरला वाटलं.

“बाबू, मासे जगले म्हणतेत आता,” ती म्हणाली.

“हाव, मावशी.”

“बरं झालं. सिस्टरबाईले लय हौस होती.” मग म्हणाली, “तुले एक विचारू? तुले माशायचं समजते. त्या दिवशी खरंच माह्या हातून उडला असन का शिंतोडा? मी लय विचार केला. पोछा पिळला तवा मी कुठं उभी होती, कोणत्या हातानं पिळला, सारं आठवून पाहते. मले वाटते, नाई उडला. पण मंग मेले कायनं? माह्याच हातून झालं असन त मले कळलं पायजे ना.”

ती भांडायला आली नव्हती. अकरा वर्षं ज्या हातांवर तिचा भरवसा होता त्यांची चौकशी करायला आली होती, आणि तीही त्याच्याकडे. लिलाधरने तोंड उघडलं. शेडमधल्या बाया बघत होत्या. मुनीम दारात उभा होता.

“होऊ शकते, मावशी,” तो म्हणाला. “एखादा थेंब.”

शकुनबाईने मान हलवली. “असन मंग,” म्हणाली, आणि जाऊन सुपापाशी बसली.

पहिल्या वेळी तोंडातून निसटलं होतं असं तो स्वतःला समजावत आला होता. या वेळी समजवायला काही उरलं नाही. घरी जेवताना घास तोंडात फिरू लागला. बायको रंजूने विचारलं, बरं नाही का. दुकानात गिऱ्हाईक काही विचारी आणि तो ऐकतच नसे. आरशात दाढी करताना तो गाल पाहायचा, डोळे पाहायचा नाही. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी तो सिस्टरबाईंकडे पेला धुवायला गेला. पेला काढून हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

“सिस्टरबाई, फिनाईल नव्हतं.”

“काय?”

“पहिले मासे फिनाईलनं नाई मेले. फिल्टर चुकीचा होता. पाणी कच्चं होतं. मले नागपूरवाल्यानं मासे सोडायच्या आधीच सांगतलं होतं, तुमी दुकानातून गेल्याबरोबर. मी तुमाले नाई सांगतलं. शकुनमावशीनं काई नाई केलं.”

सिस्टरबाई खुर्चीवर बसल्या. भिंतीवर तो रंगांचा कागद अजून होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लिलाधरकडे. तो शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या आल्या असत्या तर सोपं झालं असतं.

“मी वॉर्डात नव्या पोरींले शिकवत होती,” त्या हळू म्हणाल्या. “पेशंटचं काही बिघडलं त पहिले आपला हात पाहा, मंग आयाचा. आयावर ढकलणं सगळ्यात सोपं असते. तीस वर्षं शिकवलं.” मग म्हणाल्या, “तुमी नुसतं विचारलं, लिलाधरभाऊ. उत्तर माह्या मनानं दिलं. अकरा वर्षांची बाई, आन् मी तिले एक दिवस बी म्हटलं नाई का बस, सांग काय झालं ते.”

त्यांनी चप्पल घातली. “चला.”

शकुनबाई आपल्या घराच्या दारात भाजी निवडत होती. सिस्टरबाईंना पाहून उठली, सतरंजी टाकायला वळली. लिलाधरने तिला बसू दिलं नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“म्हणजे माह्या हातून नाई झालं?” तिने विचारलं.

“नाई, मावशी.”

“खरंच नाई?”

“नाई.”

तिने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग नजर वर केली. “मिलमंधी मी विचारलं, तवा बी तुले माहीत होतं?”

लिलाधरला खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि, सांगायलाही लाज वाटते, क्षणभर ते उत्तर त्याच्या जिभेवर आलंही होतं. “हाव,” तो म्हणाला.

सिस्टरबाई तिचा हात धरायला पुढे झाल्या. शकुनबाईने हात काढून घेतला, रागाने नाही, पण काढून घेतला. “इथं येऊन कायले सांगता?” ती म्हणाली. “इथं मले कोणी फिनाईलवाली म्हणत नाई. जिथं म्हणतेत तिथं सांग. सकाळी नळ येते तवा सारे भाईर असतेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लिलाधर गल्लीच्या नळापाशी उभा राहिला. आठ-दहा बाया, हातात गुंडं, बादल्या. “ऐका जरा,” तो म्हणाला, तर कुणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाला तेव्हा सगळ्या वळल्या. मग त्याने सांगितलं. फिल्टर माझा चुकला, पाणी मी पिकू दिलं नाही, नाव शकुनमावशीचं केलं. कुणीतरी मागून म्हणालं, “माशांचा डॉक्टर!” आणि हसू उठलं. ते पोटात कुठं जाऊन बसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो थांबला नाही. मिलमध्ये तिला काय म्हणालो, तेही सांगितलं. तिथे हसू बंद झालं.

शकुनबाई कोपऱ्यावर उभी होती, हातात डबा. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबली. ललिताबाई तिच्याकडे जाऊन काही बोलू लागल्या, तेव्हा “मले उशीर होऊन राहिला” म्हणून ती मिलच्या रस्त्याला लागली.

सिस्टरबाई तिला परत बोलवायला तीनदा गेल्या. ती आली नाही. गल्लीतली सुटलेली कामंही तिने पुन्हा धरली नाहीत. कनकी पाखडण्यात कंबर दुखते, पण तिथे कुणाच्या टाकीजवळून जावं लागत नाही, असं म्हणाली. लिलाधरची काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली. गल्लीत गेला की ललिताबाई त्याला पाणी देतात आणि दर वेळी तो विषय काढतात. तो खाली मान घालून ऐकून घेतो.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला सिस्टरबाईंनी शकुनबाईला खिरीचं बोलावणं केलं. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली, धुतलेलं पातळ नेसून, पुढच्या दाराने. पाहुण्यांसारखी सोफ्यावर बसली आणि खिरीची वाटी घेऊन टाकीकडे पाहू लागली. लिलाधर तेव्हा टाकीपाशी वाकून स्किमरचा पेला बसवत होता. ती आल्याचं त्याला कळलं होतं, पण वळायचा धीर होत नव्हता, म्हणून बसलेला पेला तो काढून पुन्हा बसवत होता.

“बाबू,” शकुनबाई म्हणाली, “बाजूले हो. मले मासे दिसत नाईत.”

तो बाजूला झाला.